प्राणवायूची उणीव आणि रक्तवाहिन्यांची वाटचाल

नाशिकरोडजवळ गोदावरीच्या कांठीं एकलहरे नांवाचें गांव आहे. तेथील औष्णिक विद्युत् केंद्राचे पहिले दोन संच, प्रत्येकीं 140 मेगावॉटचे, 1970 व 1971 सालीं सुरू झाले आणि 1979 ते 1981 या अवधींत 210 मेगावॉटचे आणखी तीन संच उभे राहिले. कोळसा दुरून आगगाडीनें येतो, त्याची पूड होते, ती भट्टींत फुंकली जाते आणि पाण्याची वाफ होते, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु अशा भट्टीवर देखरेख करणाऱ्या माणसाचें लक्ष कोळशाइतकेंच एका निराळ्या गोष्टीकडे लागलेलें असतें. भट्टींतून निघून गेलेल्या धुरांत किती प्राणवायु शिल्लक उरला आहे, हें दाखविणारें मापक त्याच्यासमोर असतें. हा शिल्लक प्राणवायु शेंकडा तीन-चार असला म्हणजे काम बरें चाललें आहे असें समजावें. तो उणा पडला तर कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायु तयार होतो. फार अधिक झाला तर तापलेली हवा व्यर्थ धुराड्यावाटे निघून जाते. मापकाचा कांटा हलला कीं पंख्यांची व झडपांची व्यवस्था बदलते आणि भट्टी पुन्हां ताळ्यावर येते.

मानवी देह हीहि एक भट्टीच आहे, हा विचार दोनशें वर्षांहून जुना आहे. मात्र या भट्टींत प्राणवायु उणा पडल्याचें ओळखणारें मापक नेमकें कोठें आहे, आणि त्याचा कांटा हलल्यावर शरीर नवा पुरवठा कोणत्या वाटेनें आणतें, या प्रश्नाचें उत्तर हातीं येण्यास विसावें शतक सरावें लागलें. त्या शोधाचा इतिहास मोठा वांकडातिकडा आहे. त्यांत आकाशांत चढलेला एक फुगा आहे, पेरू देशांतील डोंगरावरचें खाणींचें गांव आहे, दृष्टि गमावलेलीं हजारों अर्भकें आहेत, आणि प्रसूतीनंतर टाकून दिलेली नाळहि आहे.

1 ऑगस्ट 1774 रोजीं जोसेफ प्रीस्टले या इंग्रज पाद्र्यानें मोठ्या भिंगानें सूर्याचे किरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटले आणि त्यांतून निघालेल्या वायूंत मेणबत्ती झळाळून जळते असें पाहिलें. स्वीडनमधील शेले यानें तोच वायु त्याच्या आधीं मिळविला होता. पण त्याचें पुस्तक छापून निघण्यास उशीर झाला व श्रेय विभागलें गेलें. या वायूचें खरें मर्म जाणलें तें फ्रान्सच्या लव्हाझिएनें. लाप्लास या गणितज्ञास सोबत घेऊन त्यानें एका गिनीपिगास बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेविलें, किती बर्फ वितळला तें मोजलें, आणि श्वसन म्हणजे संथपणें चाललेलें ज्वलन होय असा निष्कर्ष काढला. 1794 सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत या थोर पुरुषाचा शिरच्छेद झाला. त्याचा सिद्धान्त मात्र अबाधित राहिला: श्वास म्हणजे भट्टीला घातलेला वारा. या उपमेची एक मर्यादा पुढें दिसून आली. भट्टीला वारा कमी पडला तर ती विझते, एवढेंच तिला ठाऊक. जिवंत शरीराला त्याहून पुष्कळ अधिक ठाऊक असतें.

15 एप्रिल 1875 रोजीं पॅरिसहून ‘झेनिथ’ नांवाचा फुगा आकाशांत चढला. त्याच्या टोपलींत तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल असे तिघे होते. विरळ हवेचे परिणाम अभ्यासणाऱ्या पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत त्यांची आधीं परीक्षा झाली होती व प्राणवायूचें प्रमाण वाढविलेल्या हवेच्या पिशव्याहि त्यांनीं बरोबर नेल्या होत्या. फुगा आठ हजार मीटरांच्या वर गेला. तिसांदिएनें पुढें लिहून ठेविलेली हकीकत विलक्षण आहे. त्याला कोणतीच वेदना होत नव्हती; उलट अंतःकरण एका प्रकारच्या आनंदानें भरून गेलें होतें. पिशवीची नळी तोंडाशीं धरावी असें त्याच्या मनांत आलें, तों हात उचलेनासा झाला. फुगा खालीं आला तेव्हां तिसांदिए जिवंत होता; त्याच्या दोघां सोबत्यांचे प्राण गेले होते. बेरनें 1878 सालीं आपल्या ग्रंथांत सिद्ध केलें कीं, उंचावर माणूस मरतो तो हवेचा दाब कमी झाल्यामुळें नव्हे, तर त्यांतील प्राणवायु रक्तांत पुरेसा शिरत नाहीं म्हणून. प्राणवायूची उणीव दबक्या पावलांनीं येते व माणसाला आपण बुडत आहों याची जाणीवहि होऊं देत नाहीं, हा धडा ‘झेनिथ’नें दिला. तो पुढें एका महामारींत पुन्हां शिकावा लागला.

मानेंतील मोठ्या रोहिणीच्या फांटणीजवळ तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असून तो रक्तांतील प्राणवायूची उणीव ओळखतो आणि श्वास वाढवितो, असें बेल्जियमच्या हेमान्स यानें दाखविलें; 1938 सालचें नोबेल पारितोषिक त्याला त्याबद्दल मिळालें. परंतु हें केवळ घाईचें उत्तर झालें. शरीराचें दुसरें, सावकाशीचें उत्तर फ्रान्सच्या व्हिओ या वैद्यानें 1890 च्या सुमारास पेरूमधील मोरोकोचा या उंच गांवीं जाऊन आपल्याच रक्तांत मोजलें. थोड्याच आठवड्यांत त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींची संख्या लक्षणीय वाढली होती. मूत्रपिंडांतून एक द्रव्य निघतें व तें अस्थिमज्जेला तांबड्या पेशी अधिक बनविण्याची आज्ञा देतें, हें कालांतरानें कळलें. 1977 मध्यें गोल्डवासर व मियाके यांनीं पंडुरोगी माणसांचें 2,550 लिटर मूत्र आटवून तें द्रव्य शुद्ध केलें. त्याचें नांव एरिथ्रोपॉएटिन. चिकाटी म्हणजे काय याचें याहून चांगलें उदाहरण शास्त्राच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

तिसरें उत्तर मात्र कोणाच्याहि फारसें ध्यानीं आलें नव्हतें. प्राणवायु जेथें पोंचत नाहीं तेथें शरीर नवी वाट पाडतें. म्हणजे जुन्या रक्तवाहिनीला नवे धुमारे फुटतात. ही गोष्ट जगाला कळली ती एका दुर्दैवी प्रकरणांतून.

1942 सालीं बोस्टनच्या टेरी या नेत्रवैद्यानें एका नव्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या कांहीं मुलांच्या डोळ्यांत बुबुळामागें पांढरट पडदा तयार होत होता व तीं मुलें कायमचीं आंधळीं होत होतीं. आश्चर्य असें कीं, हा रोग दरिद्री वस्त्यांत दिसत नसे. जेथें उत्तम रुग्णालयें, नवीं यंत्रें आणि दक्ष परिचारिका होत्या तेथेंच तो वाढत होता. दहा-बारा वर्षांत जगभर सुमारें दहा हजार बालकांची दृष्टि गेली. जीवनसत्त्वें, दूध, प्रकाश, जंतु अशा अनेकांवर संशय घेण्यांत आला. अखेरीस 1951 मध्यें मेलबर्नच्या केट कॅम्पबेल या बालवैद्य स्त्रीनें निरनिराळ्या रुग्णालयांतील अर्भकांची तुलना करून बोट दाखविलें तें ज्या वस्तूनें तीं अर्भकें जगविलीं जात होतीं तिच्याकडेच. मुलें नाजुक म्हणून त्यांना कांचेच्या पेटींत भरपूर प्राणवायु देण्यांत येत असे. ज्यांना तो जपून मिळाला त्यांचे डोळे बहुतांशीं शाबूत राहिले होते. 1953-54 मध्यें अमेरिकेंतील अनेक रुग्णालयांनीं मिळून केलेल्या परीक्षेंत हें खरें ठरलें.

परंतु अधिक प्राणवायूनें आंधळेपण कां यावें? याचें उत्तर दोन टप्प्यांनीं मिळालें. 1948 मध्यें मायकेलसन या नेत्रशास्त्रज्ञानें असें मत मांडलें कीं, डोळ्याच्या आंतील पडद्याची वाढ होत असतां त्याला प्राणवायु अपुरा पडतो आणि त्या उणिवेमुळें पडद्यांतून एक अज्ञात द्रव्य पाझरतें. त्याच्या ओढीनें रक्तवाहिन्या पुढें सरकतात. गर्भांत हें सर्व अंधारांत, थोड्या प्राणवायूवर, निमूटपणें चाललेलें असतें. 1954 मध्यें लंडनच्या ॲश्टननें मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून चित्र पुरें केलें. पिलांना विपुल प्राणवायूंत ठेविलें तेव्हां डोळ्यांतील कोंवळ्या रक्तवाहिन्या आक्रसून नाहींशा झाल्या, कारण त्यांना बोलावणारी उणीवच उरली नव्हती. मग पिलांना साध्या हवेंत आणलें. तेव्हां रक्तवाहिनी नाहीं आणि प्राणवायूहि नाहीं अशा अवस्थेंत सांपडलेल्या पडद्यानें एकच आकांत मांडला व रक्तवाहिन्या वाटेल तशा, वाटेल तिकडे फुटूं लागल्या. त्यांतून रक्तस्राव, व्रण आणि अंधत्व.

या शोधानंतर वैद्यांनीं प्राणवायूवर कडक निर्बंध घातला व आंधळेपण एकदम घटलें. पण त्याचबरोबर श्वास अपुरा पडून मरणाऱ्या अर्भकांची संख्या वाढली. डोळे वांचवावेत कीं जीव, अशी ही कात्री होती. ती रक्तांतील प्राणवायु अचूक मोजणारीं साधनें आल्यावरच कांहींशी सैल झाली, आणि अजूनहि पुरती सुटलेली नाहीं. भारतांतील वैद्यकीय नियम असा आहे कीं, 34 आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षां कमी वजनाच्या बालकाच्या डोळ्यांची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आंत झालीच पाहिजे. ज्या घरीं असें मूल जन्मास आलें असेल त्या घरानें ही तारीख बारशाच्या तारखेइतकीच लक्षांत ठेवावी.

मायकेलसनचें तें अज्ञात द्रव्य हुडकण्याचें काम पुढें भलत्याच दिशेनें चालू झालें. 1971 मध्यें बोस्टनचे शस्त्रवैद्य ज्युडा फोकमन यांनीं लिहिलें कीं, कर्करोगाची गांठ मोहरीएवढी असते तोंवर ती आसपासच्या रसावर जगते. त्याहून वाढावयाचें तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात, आणि त्या मिळविण्यासाठीं ती कोणतें तरी द्रव्य सोडते. तें द्रव्य अडविलें तर गांठीची उपासमार होईल. त्या काळीं या मताची बरीच थट्टा झाली. थट्टेचें एक कारण असें कीं, रक्तवाहिनीच्या आंतील अस्तर म्हणजे निव्वळ नळीचा मुलामा, अशी समजूत होती. जें अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचें आहे तें काय ऐकणार आणि कोठें जाणार?

ही समजूत मोडली ती नाळेनें. महाराष्ट्रांत मुलाची नाळ पुरण्याची चाल होती आणि माणसाची नाळ जेथें पुरली तेथें त्याचा जीव ओढतो असें म्हणत. 1973 मध्यें न्यूयॉर्कच्या जॅफी या वैद्यानें प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या नीलेंतून अस्तराच्या पेशी सोडवून घेतल्या व त्या कांचपात्रांत वाढविल्या. तेव्हांपासून या पेशी शरीराबाहेर, डोळ्यांदेखत अभ्यासतां येऊं लागल्या. त्यांना निरनिराळीं द्रव्यें द्यावीं, प्राणवायु वाढवावा, घटवावा, आणि काय होतें तें पाहावें. सामान्य हवेंत प्राणवायु शेंकडा 21 असतो. प्रयोगशाळेंतील बंद पेटींत तो शेंकडा एकपर्यंत उतरवितां येतो. आणि या पेशी मुलामा नव्हेत हें लवकरच कळून चुकलें. 1991 मध्यें बोस्टनच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, प्राणवायु उणा होतांच या पेशींतील एंडोथेलिन नांवाच्या प्रथिनाचें जनुक अधिक जोरानें काम करूं लागतें. आणि तें प्रथिन रक्तवाहिनी आवळणारें आहे. म्हणजे अस्तराची पेशी स्वतःच उणीव ओळखते व स्वतःच्या जनुकांची मांडणी बदलते.

इकडे फोकमनच्या कल्पनेंतील द्रव्याचा मागहि लागला. 1983 मध्यें सेंगर व ड्वोरॅक यांना रक्तवाहिनी पाझरविणारें एक प्रथिन गांठींत सांपडलें. 1989 मध्यें फेरारा यांनीं रक्तवाहिनीच्या पेशी वाढविणारें प्रथिन शुद्ध केलें. दोन्हीं एकच निघालीं. त्याला आतां व्हीईजीएफ म्हणतात. 1992 मध्यें जेरुसलेमच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, गांठीच्या ज्या भागांत रक्त पोंचत नाहीं त्याच भागांतील पेशी हें प्रथिन सर्वाधिक बनवितात. मायकेलसनच्या अनुमानानंतर चव्वेचाळीस वर्षांनीं त्याच्या अज्ञात द्रव्याला नांव व जागा मिळाली. डोळ्याचा पडदा व कर्करोगाची गांठ, दोघांची हांक एकच होती.

तरीहि मूळ प्रश्न शिल्लकच होता. हांक कोण देतें हें कळलें. हांक देण्याची वेळ झाली हें पेशीला कोण सांगतें?

हा शोध लावण्याचा मान तिघांकडे जातो: बाल्टिमोरचे सेमेंझा, ऑक्सफर्डचे रॅटक्लिफ आणि बोस्टनचे केलिन. 1992 मध्यें सेमेंझा यांना एरिथ्रोपॉएटिनच्या जनुकाला चिकटणारें एक प्रथिन सांपडलें. तें प्राणवायु कमी असतांनाच दिसे. त्याचें संक्षिप्त नांव हिफ असें पडलें. 1995 पर्यंत तें शुद्ध झालें व दोन भागांचें आहे असें समजलें. यांतील एक भाग नेहमींच हजर असतो. दुसरा भाग पेशी अखंड तयार करीत असते आणि प्राणवायु पुरेसा असला कीं अखंड मोडीतहि काढीत असते. भरपूर प्राणवायूंत त्याचें आयुष्य थोड्या मिनिटांचें असतें. केलिन हे एका आनुवंशिक रोगाचा अभ्यास करीत होते, ज्यांत रक्तवाहिन्यांनीं भरलेल्या गांठी होतात. त्या रोगांत बिघडणारें प्रथिन हेंच हिफच्या मोडतोडीचें काम करणारें आहे असें आढळलें. 2001 मध्यें शेवटचा दुवा जुळला: हिफवर प्राणवायूची एक खूण उमटविली जाते, ती खूण दिसली कीं मोडतोड करणारें प्रथिन त्याला पकडतें, आणि ही खूण उमटविणाऱ्या एंझाइमाला तिच्यासाठीं प्रत्यक्ष प्राणवायूच खर्चावा लागतो. प्राणवायु नाहीं तर खूण नाहीं. खूण नाहीं तर हिफ मोडत नाहीं. तें पेशीच्या केंद्रांत शिरतें, आपल्या जोडीदाराला मिळतें आणि शेंकडों जनुकांचें कामकाज बदलून टाकतें. एकलहऱ्याच्या भट्टींत मापक वेगळें, पंखा वेगळा व माणूस वेगळा असतो. पेशीनें हें सर्व एकाच रासायनिक क्रियेंत गोवलें आहे. 2019 सालचें नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालें.

हिफ जागें झालें म्हणजे पेशींत काय होतें? साखर आंत घेण्याचीं दारें वाढतात. प्राणवायूवांचून साखर फोडणारीं एंझाइमें अधिक बनतात. व्हीईजीएफचें जनुक खुलें होतें. हें बहुतेक सर्व पेशींत घडतें. परंतु रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी याहून पुढें जाते, ती चालूं लागते. 2003 मध्यें गेरहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदराच्या पिलाच्या डोळ्याच्या पडद्यांत, म्हणजे जेथें या कथेचा आरंभ झाला त्याच जागीं, ही चाल सूक्ष्मपणें पाहिली. अस्तराच्या शांत बसलेल्या पेशींपैकीं एखादी पेशी पुढारी होते. तिला केसांसारखे बारीक तंतु फुटतात. त्या तंतूंनीं ती चांचपडत व्हीईजीएफ जिकडे दाट आहे तिकडे सरकते. वाटेंतील चिवट आवरण ती पाचक रसांनीं विरघळविते. मागच्या पेशी चालत नाहींत, त्या विभागून लांबी वाढवितात व आंतून पोकळ होऊन नळी बनवितात. सगळ्याच पेशी पुढें धांवल्या तर नळी कोण होणार? म्हणून पुढारी पेशी आपल्या शेजारणीला स्पर्शानेंच थोपवून धरते; हा अटकाव 2007 च्या सुमारास उलगडला. दोन दिशांनीं आलेले पुढारी एकमेकांना भेटले कीं मार्ग जुळतो, रक्त वाहूं लागतें, प्राणवायु येतो, हिफ मोडतें आणि सारी धांदल शमते.

यांत एक मौज आहे. प्राणवायूच्या दुष्काळांत शिरणाऱ्या या पेशी स्वतः प्राणवायूवर फारशा अवलंबून नसतात. ज्या रक्ताच्या धारेशेजारीं त्या जन्मभर बसलेल्या असतात त्यांतील प्राणवायु त्या जवळजवळ तसाच पुढें जाऊं देतात आणि आपलें भागवितात मुख्यत्वें साखर फोडून. बेल्जियममधील ल्यूव्हनच्या संशोधकांनीं 2013 मध्यें हें दाखविलें. कोरड्या मुलखांत विहीर खणावयास जाणाऱ्यानें आपली पाण्याची पखाल घरूनच भरून न्यावी, तसा हा प्रकार.

सर्व अवयव मात्र एकसारखे वागत नाहींत. शरीरांत इतरत्र उणीव झाली कीं रक्तवाहिन्या सैलावतात. फुफ्फुसांत त्या आवळतात. फुफ्फुसाचा जो कोपरा हवेवांचून आहे तेथें रक्त पाठवून उपयोग काय, असा हा हिशेब आहे, आणि तो ऑयलर व लिलयेस्ट्रान्ड यांनीं 1946 मध्यें मांजरांवर पडताळून पाहिला. परंतु सगळीच हवा विरळ असली तर सगळेंच फुफ्फुस आवळतें, दाब चढतो आणि त्यांत पाणी भरतें. 1962 च्या चीन-युद्धांत भारतीय सैनिकांना सपाटीवरून विमानानें एकदम हिमालयाच्या उंचीवर नेण्यांत आलें, तेव्हां याचा फटका बसला. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 11,000 ते 18,000 फुटांवरील 1,925 आजारी सैनिकांचा अभ्यास 1969 मध्यें प्रसिद्ध केला. जगभर तो आजहि आधारभूत समजला जातो. एकलहऱ्याच्या शेजारींच देवळालीला तोफखान्याचें विद्यालय आहे. येथून लडाखला जाणाऱ्या जवानाला टप्प्याटप्प्यानें वर चढवितात व वाटेंत मुक्काम करवितात, त्यामागें हाच अनुभव आहे. तिबेटी लोक तेथेंच पिढ्यान्‌पिढ्या सुखानें राहतात. त्यांच्या एका जनुकांत वेगळेपण असल्याचें 2010 मध्यें आढळलें. तें जनुक हिफच्या भावंडाचें आहे, आणि 1997 मध्यें त्याचें बारसें झालें तें रक्तवाहिनीच्या अस्तरांत तें विपुल आढळतें म्हणून त्या अस्तराच्याच नांवावरून.

महाराष्ट्रांत या विषयाचा सर्वांत जुना व सर्वांत दुर्लक्षित अध्याय मात्र डोंगरांवर नव्हे, रक्तांतच लिहिलेला आहे. सिकलसेल हा रोग भारतांत 1952 मध्यें प्रथम नोंदला गेला. 1958 मध्यें नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या वैद्यांनीं मध्य भारतांतील त्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केली. विदर्भांत आणि नाशिक, धुळें, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत तो आजहि आहे. त्या रोग्याच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायु सोडून देतांच काड्यांसारखें ताठ होतें आणि गोल पेशी विळ्याच्या आकाराची बनते. विळ्याचा आंकडा अस्तराला अडकतो, अस्तर चिकट होतें, वाट तुंबते, पलीकडचा भाग प्राणवायूला मुकतो आणि त्या उणिवेनें आणखी पेशी विळ्यासारख्या होतात. वेदना असह्य असते. कांहीं रोग्यांच्या डोळ्यांच्या कडेला तुंबलेल्या रक्तवाहिन्यांपलीकडे नवे, पंख्याच्या आकाराचे धुमारे फुटतात. ॲश्टनच्या मांजरांत दिसलेली धांदल ती हीच. आई व बाप या दोघांकडून हा दोष आला तरच रोग होतो. एकाकडूनच आला तर माणूस बहुधा निरोगी राहतो, मात्र तो दोष पुढच्या पिढीला देऊं शकतो. विवाहापूर्वीं रक्ततपासणीचा आग्रह धरतात तो यासाठीं. 1 जुलै 2023 रोजीं केंद्र सरकारनें या रोगाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली. नागपूरच्या त्या नोंदीनंतर पांसष्ट वर्षांनीं. याला त्वरा म्हणतां येणार नाहीं.

कोविडच्या सांथींत ‘झेनिथ’चा धडा घरोघर पोंचला. बोटाला चिमट्यासारखें लावावयाचें यंत्र, ज्याचें तत्त्व जपानच्या आओयागी यांनीं 1974 मध्यें मांडलें, तें शहरांतील कुटुंबांत थर्मामीटरच्या शेजारीं जाऊन बसलें. आंकडा 80 वर उतरलेला माणूस गप्पा मारीत बसलेला आढळे व घरच्यांचा विश्वास बसत नसे. जर्मन संशोधकांनीं मे 2020 मध्यें कोविडनें मृत झालेल्या सात जणांच्या फुफ्फुसांची तुलना इन्फ्लुएंझानें मृत झालेल्या सात जणांशीं केली. कोविडच्या फुफ्फुसांत अस्तराच्या पेशी फाटलेल्या होत्या, बारीक नळ्या गुठळ्यांनीं बुजल्या होत्या, आणि नव्या रक्तवाहिन्यांची वाढ इन्फ्लुएंझाच्या 2.7 पट होती. गुदमरलेलें फुफ्फुस शेवटपर्यंत वाटा पाडीत राहिलें होतें.

तो खटाटोप आठवड्यांचा. प्राणवायूवांचून मेंदु टिकतो तो मिनिटें. 21 एप्रिल 2021 रोजीं नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पांढरे लोट आवारांत पसरले, खाटांपर्यंतचा पुरवठा मंदावला आणि 22 रुग्ण दगावले. हिफ, व्हीईजीएफ व पुढारी पेशी या सर्वांना आपलें काम करावयास वेळ लागतो. तो वेळ त्यांना मिळाला नाहीं.

या ज्ञानाचें औषधांत रूपांतर होण्यास आतां आरंभ झाला आहे. व्हीईजीएफला पकडून ठेवणारें बेव्हॅसिझुमॅब हें औषध 2004 मध्यें आंतड्याच्या कर्करोगासाठीं मान्य झालें. फोकमन यांनीं तें पाहिलें, 2008 मध्यें त्यांचें निधन झालें. गांठ त्यानें उपाशी मरत नाहीं, बहुधा कांहीं महिन्यांनीं ती दुसरी वाट काढते. परंतु अशाच जातीचीं औषधें अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या व मधुमेही माणसांच्या डोळ्यांत टोचलीं तर अनेकांची दृष्टि वांचते. ऑगस्ट 2021 मध्यें अमेरिकेंत बेल्झुटिफान हें औषध मान्य झालें. केलिन ज्या आनुवंशिक रोगाचा अभ्यास करीत होते त्या रोगांत हिफच्या भावंडाला तें निकामी करतें, म्हणजे पेशीच्या कानीं येणारी दुष्काळाची खोटी वार्ता बंद पाडतें. त्यानंतर सातच महिन्यांनीं, मार्च 2022 मध्यें, भारतांत डेसिडुस्टॅट ही गोळी मान्य झाली. ती याच्या अगदीं उलट काम करते. प्राणवायूची खूण उमटविणाऱ्या एंझाइमाला ती अडविते, हिफ टिकून राहतें, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या पंडुरोग्याच्या शरीराला आपण डोंगरावर आहों असें वाटून तें तांबड्या पेशी वाढवूं लागतें. व्हिओला ज्यासाठीं मोरोकोचाचा घाट चढावा लागला होता तें काम आतां नाशिकमधील रोग्याच्या शरीरांत एका गोळीनें होतें.